काचेच्या पात्रातील सागर : फिलिप हेन्री गॉस यांचे चरित्र

समुद्राचे एक लहानसे अंग घरात आणून ठेवावे आणि ते जिवंत राहावे, ही इच्छा मनुष्याच्या मनात फार जुनी आहे. हल्ली मोठ्या शहरांतून काही हौशी गृहस्थ आपल्या दिवाणखान्यात प्रवाळांचे मत्स्यालय ठेवतात. अशा मत्स्यालयाच्या खाली किंवा मागे पुष्कळदा एक लहान कप्पा असतो. त्यात शोभेचे मासे नसतात आणि प्रवाळही नसतात. केवळ हिरव्या समुद्रशेवाळाचा एक गुंता आणि त्याच्या माथ्यावर एक दिवा, एवढाच त्या कप्प्याचा संसार. त्याला रिफ्युजियम, म्हणजे आश्रयस्थान, असे म्हणतात. नवल असे की, रात्र झाली आणि मोठ्या पात्रावरचे दिवे मालवले म्हणजे ह्या शेवाळावरचा दिवा लागतो. पाहुण्यांस जे दाखवावयाचे नाही त्याच्यावर रात्रभर दिवा कशासाठी, असा प्रश्न कोणाही विचारी विद्यार्थ्याच्या मनात सहज उभा राहील. ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या थोर पुरुषाच्या चरित्रातून उत्तम प्रकारे मिळते, त्या फिलिप हेन्री गॉस यांची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहोत.

गॉस यांचा जन्म इंग्लंडातील वुस्टर गावी ६ एप्रिल १८१० रोजी झाला. वडील थॉमस गॉस हे लघुचित्रे काढणारे फिरते चित्रकार होते. गावोगाव हिंडून श्रीमंतांच्या लहान तसबिरी हस्तिदंतावर रंगवाव्यात आणि मिळेल त्या पैशावर घर चालवावे, असा त्यांचा क्रम असे. विद्या पुष्कळ आणि मिळकत थोडी, अशा त्या घरात आईच्या करड्या काटकसरीवरच सर्व निभावत असे. मूल लहान असतानाच हे कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरी येऊन राहिले. तेथे सुझन बेल नावाची त्यांची एक आत्या होती. तिला निसर्गाची गोडी फार. समुद्रफूल नावाचा प्राणी खडकाला फुलासारखा चिकटून कसा राहतो, आणि तो समुद्राच्या पाण्यात ठेवून घरी कसा पाहता येईल, हे ह्या आत्यानेच त्या बालकाला प्रथम सांगितले. वडिलांकडून सूक्ष्म चित्रे काढण्याचा हात आणि आत्याकडून पाहण्याचा डोळा, एवढीच काय ती त्यांची वडिलार्जित संपत्ती. पुढे सर्व आयुष्य त्यांनी ह्याच भांडवलावर व्यापार केला.

शाळेचे शिक्षण फार दिवस लाभले नाही. घरची ओढगस्त असल्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना पूल येथील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी धरावी लागली. १८२७ साली, सतरा वर्षांचे असताना, ते अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनियर गावी गेले. तेथे सील आणि कॉड मासळीचा व्यापार करणाऱ्या कचेरीत आठ वर्षे हिशेबाच्या वह्या लिहीत त्यांनी काढली. हिवाळा लांब, सोबत थोडी आणि काम रुक्ष. अशा स्थितीत पुष्कळ तरुण व्यसनांच्या नादी लागतात. गॉस यांनी १८३२ साली सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुना ग्रंथ विकत घेतला, आणि त्या दिवसापासून त्यांचे रिकामे तास कीटक गोळा करण्यात, त्यांची चित्रे काढण्यात आणि टिपणे करण्यात जाऊ लागले. त्याच वर्षी बहिणीच्या कठीण दुखण्याची वार्ता घरून आली, आणि तेव्हापासून त्यांच्या मनाने धर्माचा मार्गही दृढपणे धरला. ह्या दोन्ही निष्ठा त्यांनी मरेपर्यंत सोडल्या नाहीत. त्या दोहोंची सांगड घालण्याच्या प्रयत्नात त्यांना पुढे मोठे दुःखही सोसावे लागले. ते प्रकरण यथाक्रम येईल.

१८३५ साली कारकुनी सोडून ते कॅनडातील कॉम्प्टन गावी शेती करण्यास गेले. फुलपाखरे पाहून जमीन घेतली म्हणजे पीक येते असे नाही. तीन वर्षांत शेतीने त्यांना हात दिला नाही. तेथून १८३८ साली ते अमेरिकेच्या अलाबामा प्रांतात गेले आणि मळेवाल्यांच्या मुलांसाठी चाललेल्या एका ओंडक्यांच्या शाळेत मास्तर झाले. शाळा सुटल्यावर ते तेथील पतंगांची व किड्यांची रंगीत चित्रे काढीत. ती चित्रे आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. परंतु त्या प्रांतात गुलामांचा जो छळ डोळ्यांसमोर चालत असे, तो पाहून त्यांचे मन विटले. प्रकृतीही बिघडली. एक वर्षही पुरे न करता १८३९ साली ते इंग्लंडास परत निघाले.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी लंडनात उतरलेल्या ह्या मनुष्याची स्थिती पाहू गेल्यास ती दीनवाणीच होती. पदवी नाही, धंदा नाही, पैसा नाही. पेटीत मात्र जहाजावर बसून लिहिलेले एक हस्तलिखित होते. कॅनडातील ऋतूंचे आणि प्राण्यांचे त्यात वर्णन होते. त्या दिवसांत कित्येकदा एका सुक्या हेरिंग मासळीवर त्यांचे दिवसाचे जेवण होई. शेवटी व्हॅन व्हूर्स्ट नावाच्या प्रकाशकाने ते हस्तलिखित वाचले आणि ते छापण्याचे कबूल करून शंभर गिनी देऊ केल्या. ते ऐकून ह्या कणखर पुरुषाच्या डोळ्यांस धारा लागल्या, असे त्यांच्या पुत्राने लिहून ठेवले आहे. ते पुस्तक १८४० साली प्रसिद्ध झाले. दोन खंडांत भटकून, तीन उद्योगांत अपयश घेऊन जे टिपण त्यांनी निष्ठेने ठेविले होते, त्याच टिपणाने त्यांना अखेर भाकर दिली.

पुढे १८४४ साली पक्षी व कीटक जमविण्यासाठी ते जमेका बेटावर गेले व अठरा महिने राहिले. तेथील रिचर्ड हिल नावाच्या विद्वान गृहस्थांची त्यांना फार मदत झाली. हिल हे मिश्र वंशाचे होते, आणि त्या काळी गोरे ग्रंथकार अशा मदतनिसांची नावे सहसा गाळून टाकीत. गॉस यांनी मात्र जमेकातील पक्ष्यांवरील आपल्या १८४७ सालच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच हिल यांचे नाव छापले. दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याला देणे ही लहान गोष्ट दिसते. पण माणसाची पारख अशाच गोष्टींत होते. १८४८ साली एमिली बौज ह्या सुशिक्षित व लेखनकुशल बाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि १८४९ साली एडमंड हा त्यांचा एकुलता एक पुत्र जन्मला. त्या दिवशीच्या रोजनिशीत त्यांनी पुत्रजन्माची नोंद केली आणि लगेच जमेकाहून एक हिरवी पाकोळी आल्याचीही नोंद केली. ह्यावरून त्यांच्या मनाची घडण कशी होती हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

आता आपण ज्या कार्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले त्याकडे वळू. ते समजण्यासाठी थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. १७७९ साली यान इंगेनहाउझ नावाच्या डच वैद्याने असे दाखविले की, पाण्यात बुडविलेली हिरवी पाने उन्हात ठेवली असता त्यांवर प्राणवायूचे बुडबुडे येतात. सावलीत किंवा रात्री ते येत नाहीत, उलट त्या वेळी वनस्पतीही प्राण्यांप्रमाणे हवा दूषित करतात. म्हणजे पाणी शुद्ध करण्याचे सामर्थ्य नुसत्या वनस्पतीत नाही. वनस्पती व प्रकाश ह्या दोहोंच्या संयोगात आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढील सर्व कथेचे मर्म तिच्यात आहे.

ह्या तत्त्वाचा उपयोग घरगुती पात्रात प्रथम केला तो दोघांनी. ॲना थिन ह्या बाईंनी १८४६ साली टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही लहान प्रवाळ एका बरणीत घालून लंडनास आणले. पाणी ताजे राहावे म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कितीतरी वेळ ओतीत असे. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्रशेवाळ घातले, तेव्हा ह्या ओतण्याच्या श्रमांत शेवाळाची मदत मिळाली. त्यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिली. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा ती पाने खाणाऱ्या गोगलगाई त्याने आत सोडल्या. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव अशा तिघांचा तो समतोल त्याने १८५० साली विद्वानांपुढे मांडला. काचेवरील सरकारी कर १८४५ साली उठला असल्यामुळे काचेची पात्रेही स्वस्त झाली होती. अशा रीतीने वेळ येऊन ठेपली होती. माणूस तेवढा हवा होता.

तो माणूस आजाराच्या निमित्ताने समुद्रावर आला. सततच्या लेखनाने गॉस यांची प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ साली डॉक्टरांच्या सल्ल्याने ते कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटी लागली म्हणजे ते गुडघाभर, कधी कंबरभर पाण्यात उतरत आणि छिनी-हातोडीने खडकाचे तुकडे शेवाळासकट अलगद सोडवून घेत. मुळापासून उपटलेले शेवाळ मरते. खडकासह आणलेले जगते, हे त्यांनी अनुभवाने जाणले. त्या शेवाळात प्राणी ठेवून ते आठवड्यांमागून आठवडे त्यांचे निरीक्षण करीत. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यासाठी पुष्कळ प्राणी गॉस यांनीच पुरविले. १८५४ साली ह्याच विषयावरील त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला, आणि त्याच ग्रंथाने ॲक्वेरियम हा सुटसुटीत शब्द जगभर रूढ केला.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां कोल्हापूरकरांस त्यांचा आणखी एक उद्योग विशेष मोलाचा वाटेल. लंडनात खारे पाणी आणणे महाग पडे. म्हणून १८५४ साली त्यांनी रासायनिक पृथक्करणाच्या आधाराने समुद्राचे पाणी घरीच तयार केले. साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड हे चार क्वार्टांहून किंचित कमी, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, गोड्या पाण्यात विरघळवावे, अशी ती कृती होती. आजच्या शास्त्राच्या मानाने ती अपुरी आहे. प्रवाळांस लागणारे चुन्याचे क्षार तीत नाहीत. परंतु आम्हांस शिकण्यासारखे आहे ते त्यांचे धोरण. पाणी तयार होताच त्यांनी त्यात प्राणी सोडले नाहीत. प्रथम उल्वा व एंटरोमॉर्फा ह्या हिरव्या शेवाळांनी आच्छादलेले दगड त्यात ठेवून ते पात्र सुमारे आठवडाभर उजेडात राहू दिले. शेवाळाने पाणी राहण्याजोगे केले, मगच त्यात जीव आले. पाहुण्यास बोलाविण्यापूर्वी घर झाडून ठेवावे, तसाच हा प्रकार होता.

प्रकाशाविषयीही त्यांनी आपल्या वाचकांस बारकाईने सूचना केल्या. पात्र खिडकीपाशी ठेवावे, कारण उजेडावाचून शेवाळ प्राणवायू देत नाही. परंतु उन्हाळ्यात पडदा ओढून घ्यावा, कारण प्रखर उन्हाने पाणी तापते, सूक्ष्म शेवाळ माजून काच व पाणी हिरवे होते, आणि नाजूक तांबडी शेवाळे फिकी पडतात. हिरवी शेवाळे ह्या कामास सर्वांत उत्तम. तपकिरी शेवाळे बुळबुळीत द्रव सोडून पाणी बिघडवितात, म्हणून ती टाळावीत. अतिप्रकाश आणि अल्पप्रकाश ह्या दोहोंच्या मधला मार्ग काढणे हीच मत्स्यालयाची खरी विद्या होय, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि एका अडचणीतून त्यांना पुरती सुटका नव्हती. प्राणी दिसावेत म्हणून उजेड हवा. परंतु तोच उजेड काच हिरवी करी. एकाच पात्रात दोन विरुद्ध गरजा नांदत होत्या. ह्यावरचा तोडगा पुढच्या पिढ्यांनी काढला तो एकाच पाण्याचे दोन भाग करून. विल्यम लॉइड नावाच्या कुशल गृहस्थाने १८७१ साली उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात प्रदर्शनाच्या पात्रांखाली पाण्याचा मोठा अंधारा साठा ठेवला, आणि तेच पाणी वर-खाली सतत फिरत ठेवून ते निर्मळ राखले. आजच्या रिफ्युजियमने हीच दुभागणी उलट्या अंगाने केली आहे. तेथे वेगळ्या भागात अंधार न ठेवता शेवाळाला मुद्दाम प्रकाश दिला जातो, जेणेकरून शेवाळ वाढावयाचे ते तेथेच वाढावे आणि प्रवाळांच्या पात्रात त्याला खाद्यच उरू नये.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. दिवसा मोठ्या पात्रावर उजेड असतो, तेव्हा प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळे कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतात. रात्री उजेड जातो, शोषण थांबते, पण श्वसन चालूच राहते. इंगेनहाउझने सांगितले होते तेच हे. त्यामुळे पाण्यात तो वायू साचतो व पाणी किंचित आम्लतेकडे झुकते. अशा पाण्यात प्रवाळांस आपला चुन्याचा सांगाडा बांधणे जड जाते. त्याच वेळी शेजारच्या कप्प्यातील शेवाळावर दिवा लावला, तर ते शेवाळ रात्रपाळी करते आणि तो वायू आपल्या वाढीसाठी वापरते. शिवाय माशांच्या अन्नापासून व मळापासून होणारे नायट्रेट व फॉस्फेट हे क्षारही शेवाळ खाते. महिन्यातून एक-दोनदा वाढलेले शेवाळ कापून काढले म्हणजे ते क्षार कायमचे बाहेर जातात. आणि माशांच्या तोंडातून सुरक्षित अशा त्या गुंत्यात कोळंबीच्या जातीचे अतिसूक्ष्म जीव वाढतात. तेच पुढे वाहून जाऊन मोठ्या पात्रातील जीवांचे अन्न होतात. म्हणूनच त्याला आश्रयस्थान हे नाव शोभते.

ज्या पालकांच्या घरी मुलांनी असा उद्योग आरंभिला असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी येथे सांगून ठेवतो. लहान कप्प्यास मोठा दिवा लागत नाही. शेवाळ मुख्यत्वे प्रकाशातील तांबडा व निळा भाग वापरते. तेव्हा तांबड्या छटेसह पांढरा प्रकाश देणारा साधा एलईडी दिवाही पुरतो, आणि त्याने पाणीही फारसे तापत नाही. दिवा बारा ते सोळा तास लागावा, आणि त्याची वेळ मोठ्या पात्राच्या वेळेच्या उलट असावी. घड्याळाचे बटन लाविले म्हणजे विसर पडत नाही. उजेड शेजारच्या कप्प्यांत सांडू नये म्हणून मध्ये आडोसा करावा, नाहीतर पंपावर व नळ्यांवर शेवाळ धरते. उजेड कमी पडला तर शेवाळ कुजते, आणि खाल्लेले सर्व क्षार पाण्यात परत टाकते. म्हणून त्याचा रंग रोज पाहावा. दिवा पाण्यापासून उंच व घट्ट बसवावा, आणि त्याची तार खुंटीच्या बटनाकडे जाण्यापूर्वी खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी विजेपर्यंत पोहोचत नाही. मुलांनी ओल्या हाताने बटन लावू नये, हे सांगावयास नकोच.

ह्याच नियमाचा मोठा व दुःखद दाखला पाहावयाचा असल्यास कोल्हापूरच्या मुलांनी आपल्या रंकाळ्याकडे पाहावे. शहराचे सांडपाणी तळ्यात गेले, त्याबरोबर तेच क्षार गेले, वर ऊन तर मुबलकच. मग पाणी हिरवे झाले आणि जलपर्णी माजली, ह्यात आश्चर्य ते काय? पात्रातील शेवाळ कापून काढणारा हात असतो. तळ्यावर तो हात नागरिकांचा असला पाहिजे, आणि सांडपाणी मुळातच आत न सोडणे हा त्याहून बरा उपाय होय.

गॉस यांच्या चरित्राकडे परत येऊ. १८५६ साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. ज्याने शाळा अर्ध्यावर सोडली त्याला हा मान मिळाला. परंतु ह्याच सुमारास दुःखाचे दिवस सुरू झाले. पत्नी एमिली ह्यांना स्तनाचा कर्करोग झाला, आणि फार यातना सोसून फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या निवर्तल्या. आठ वर्षांचाही न झालेला मुलगा आणि शोकाने खचलेले वडील डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे जाऊन राहिले. त्याच वर्षी गॉस यांनी सृष्टीच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भूगर्भशास्त्र पृथ्वीचे वय अफाट सांगते आणि पवित्र शास्त्राचा शब्दशः अर्थ तसा नाही, हा तिढा सोडविण्यासाठी त्यांनी असे प्रतिपादिले की, देवाने पृथ्वी निर्माण केली तीच मुळी जुनी भासावी अशी, खडकांतील अवशेषांसकट केली. शास्त्रज्ञांनी तो ग्रंथ हसून बाजूला सारला. धर्मनिष्ठ लोकांसही तो रुचला नाही, कारण त्यातून देवच मनुष्यास फसवितो असा अर्थ निघत होता. ज्याच्याकडून दोन्ही पक्षांचा समेट होईल अशी त्यांची आशा होती, तो ग्रंथ दोन्ही पक्षांनी टाकला. हा घाव त्यांना फार लागला. त्यांचा तर्क चुकलाच होता; परंतु डोळ्यांनी पाहिलेल्या एकाही प्राण्याचे वर्णन त्यांनी ह्या मतासाठी वाकविले नाही, हेही तितकेच खरे आहे. डार्विन यांचे त्यांचे मत जुळत नव्हते, तरी उभयतांत निसर्गविषयक पत्रव्यवहार सौजन्याने चालत असे.

दुसरे दुःख त्यांच्या यशातूनच उपजले. त्यांच्या पुस्तकांनी सारे इंग्लंड समुद्रवेडे झाले. १८५५ साली ते स्वतः इल्फ्राकूम येथे स्त्रीपुरुषांस ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन शिकवीत असत. परंतु पुढे जो तो टोपली व हातोडी घेऊन निघाला. युगानुयुगे जी डबकी समुद्रफुलांनी, प्रवाळांनी आणि शेवाळांनी फुललेली होती, ती काही वर्षांतच ओरबाडून उजाड झाली. घरी नेलेले बहुतेक प्राणी पाणी बिघडून मेले, कारण पुस्तक घेणारे पुष्कळ आणि त्यातील सूचना पाळणारे थोडे. ज्या सौंदर्याकडे आपण बोट दाखविले तेच त्या बोटामुळे नाहीसे झाले, ह्याची खंत गॉस यांना अखेरपर्यंत राहिली, असे त्यांच्या पुत्राच्या लेखनावरून दिसते.

ही खंत आमच्या वाचकांनी आपली मानावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि त्या भागास १९८७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश २००१ साली झाला. वाघास जे संरक्षण तेच त्या इवल्या जीवास. तेव्हा सहलीस गेलेल्या मुलांनी तेथील प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणे हे पापही आहे आणि गुन्हाही आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या कितीतरी मुलांनी समुद्रातील जीव प्रथम तेथेच पाहिले. प्रत्येकाने किनारा लुटण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक पात्र पाहावे, हे केव्हाही बरे. घरी ज्यास छंदच करावयाचा असेल त्याने गोड्या पाण्याचे लहान पात्र, थोडी पाणवनस्पती व एक-दोन गोगलगाई एवढ्यावर आरंभ करावा. वॉरिंग्टनचा आरंभही तेथूनच झाला होता.

गॉस यांनी १८६० साली ब्रिटनमधील समुद्रफुले व प्रवाळ ह्यांवरील आपला मोठा सचित्र ग्रंथ पूर्ण केला. त्याच वर्षी एलायझा ब्राइटवेन ह्या सुशील बाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि उत्तरायुष्य शांतपणे गेले. वयाच्या साठी-सत्तरीतही ते आमरी जातीची फुले वाढवीत, दुर्बिणीतून तारे पाहत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातील चक्रधारी जीव न्याहाळीत. ह्या जीवांवरील ग्रंथ हडसन यांच्या सहकार्याने १८८६ साली बाहेर पडला, तेव्हा गॉस शहात्तर वर्षांचे होते. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे त्यांचे देहावसान झाले. पुत्र एडमंड मोठा साहित्यिक झाला. वडिलांच्या कडक धर्ममतांपासून तो दूर गेला, तरी १८९० साली त्याने त्यांचे चरित्र लिहिले, आणि १९०७ सालच्या पितापुत्रांच्या प्रसिद्ध कथेतून त्यांना जगापुढे पुन्हा उभे केले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दारिद्र्याने गॉस यांची शाळा बुडविली, पण पाहण्याची शिस्त बुडविली नाही. कारकून, शेतकरी, मास्तर ह्या प्रत्येक अवस्थेत त्यांनी टिपणवही सोडली नाही. पाण्यात जीव सोडण्यापूर्वी शेवाळाला अवधी द्यावा, ही त्यांची सवय म्हणजे केवळ मत्स्यालयाचा नियम नव्हे. ज्याचा भार आपण घेणार आहोत त्याची तरतूद आधी करावी, असा तो जीवनाचा नियम आहे. आणि कोणाही सुंदर गोष्टीमागे, माशांच्या झळाळीमागे काय किंवा प्रवाळांच्या रंगांमागे काय, कोठेतरी नजरेआड एक साधा हिरवा गुंता मुकाट्याने राबत असतो. आपापल्या घरी असे कोण राबत आहे ते प्रत्येकाने ओळखावे, आणि त्याला लागणारा उजेड त्याला वेळेवर मिळतो की नाही, ह्याकडे लक्ष द्यावे.